कापलेला जबडा जगतो कसा? एका शस्त्रक्रियेची पावणेदोनशे वर्षे

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी व्हीलिंग नावाचे शहर आहे. तेथील शल्यचिकित्सक सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये एका दंतवैद्यकीय नियतकालिकात आपल्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. रुग्ण वीस वर्षांची तरुणी होती. पाचव्या वर्षी ती भाजली होती. जखमा भरल्या, पण मानेवरचा व्रण आक्रसत गेला. त्या ओढीने डोके पुढे झुकले, खालचा ओठ उलटून खाली लोंबू लागला आणि वाढत्या वयातील खालच्या जबड्याचा पुढचा भाग लांबत लांबत वरच्या दातांच्या इंचभराहून अधिक पुढे आला. तोंड मिटत नव्हते. लाळ आवरत नव्हती. मान वळवता येत नव्हती आणि बरेचसे उच्चार अस्पष्ट होते.

हलिहेन यांनी जबड्याच्या पुढच्या भागातून पाचरीच्या आकाराचे हाड काढले, दातांच्या मुळांखालून आडवा छेद घेतला आणि दातांसह सुटा झालेला तो तुकडा मागे नेऊन बसवला. पुढच्या शस्त्रक्रियांमध्ये त्यांनी मानेवरचा व्रण सोडवून तेथे शेजारची निरोगी त्वचा फिरवून आणली आणि शेवटी ओठ दुरुस्त केला. जबड्याची ठेवण सुधारण्याच्या हेतूने केलेली ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते. हलिहेन वैद्यक आणि दंतवैद्यक या दोन्ही क्षेत्रांत वावरत होते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत महत्त्वाची ठरणार आहे.

आज या शाखेला ‘ऑर्थोग्नॅथिक सर्जरी’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘ग्नाथोस’ म्हणजे जबडा. समाजमाध्यमांवर तिची ओळख होते ती ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा शेजारी लावलेल्या दोन छायाचित्रांतून. त्यामुळे ही चेहरा देखणा करण्याची हौस आहे, असा समज सहज पसरतो. व्हीलिंगच्या त्या तरुणीची तक्रार मात्र घास, लाळ, वाचा आणि मान यांची होती. या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना हे आरंभबिंदू विसरू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जबडा कापणे हे शल्यचिकित्सकांना तुलनेने लवकर जमले. कापलेला जबडा जिवंत ठेवणे, तो नव्या जागी टिकवणे आणि त्यावरचे दात एकमेकांना भेटवणे, हे जमायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला.

हलिहेन यांचा धागा जवळजवळ पन्नास वर्षे तसाच पडून राहिला. तो उचलला गेला सेंट लुईस शहरात, १८९७ मध्ये. विल्रे ब्लेअर हे तेव्हा सव्वीस वर्षांचे शल्यचिकित्सक होते. खालचा जबडा फार पुढे आलेल्या एका रुग्णाच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा काढून त्यांनी उरलेला भाग मागे सरकवला. या उपचारामागे दुसरे एक नाव होते, एडवर्ड अँगल यांचे. वेडेवाकडे दात जागेवर आणण्याच्या विद्येला, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सला, स्वतंत्र शाखेचे रूप देणारे ते हेच गृहस्थ. १८९९ मध्ये त्यांनी मांडलेले दातांच्या जुळणीचे तीन वर्ग आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. त्यांतल्या तिसऱ्या वर्गात, जेथे खालचे दात वरच्यांच्या पुढे जातात, ब्लेअर यांच्या त्या रुग्णासारखे लोक येतात.

ब्लेअर यांनी १९०७ मध्ये या विषयावर विस्ताराने लिहिले. जबड्याच्या हाडांतील व्यंग सुधारणे हे शल्यचिकित्सकाचेच काम आहे, पण सक्षम ऑर्थोडॉन्टिस्ट जितक्या लवकर सोबतीला येईल तितके रुग्ण आणि शल्यचिकित्सक या दोघांचेही भले होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. हा सल्ला प्रत्यक्षात नेमाने पाळला जाऊ लागला तो १९६० च्या दशकानंतर. मधली पन्नास-साठ वर्षे शल्यचिकित्सक हाड हलवीत राहिले आणि दंतवैद्य दात हलवीत राहिले. या दुराव्याची किंमत रुग्णांनी मोजली.

ती कशी, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे. खालचा जबडा प्रमाणाबाहेर वाढला, तर निसर्ग त्या चुकीवर पांघरूण घालतो. खालचे पुढचे दात जिभेकडे कलतात, वरचे ओठाकडे झुकतात आणि दोन्ही रांगा कशाबशा एकमेकींना भेटू पाहतात. हाडांतील अंतर समजा बारा मिलिमीटर असेल, तर दातांतले अंतर पाच-सहाच दिसते. अशा स्थितीत थेट जबडा कापून मागे नेला, तर दात आधीच एकमेकांवर आदळतात. हाड जेथे जायला हवे तेथपर्यंत जाऊच शकत नाही आणि अर्धवट सुधारलेला चेहरा पुन्हा जुन्या वळणाकडे सरकू लागतो. म्हणून रूढ पद्धतीत आधी वर्ष-दीड वर्ष तारा लावून दात त्यांच्या हाडांवर ताठ उभे केले जातात. या काळात चेहरा सुधारत नाही, उलट व्यंग अधिक उठून दिसते. झाकलेली चूक उघडी करणे हाच त्या टप्प्याचा उद्देश असतो. उपचार मध्येच सोडून जाणारे रुग्ण बहुधा याच टप्प्यावर निराश झालेले असतात, आणि हे आधी नीट समजावून सांगितले गेले नसेल तर त्यांना दोष देता येत नाही.

ब्लेअर यांच्या काळातील दुसरी अडचण श्वासाची होती. शस्त्रक्रिया तोंडात आणि भूल देण्याचा मुखवटाही तोंडावर! पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नभिन्न झालेले हजारो सैनिक इंग्लंडमधील सिडकपच्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज यांच्याकडे येऊ लागले, तेव्हा ही अडचण असह्य झाली. तेथेच आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोटम या दोन भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत व्यवहारात रुळवली. नळी नाकावाटे गेली की तोंड मोकळे राहते आणि शस्त्रक्रिया चालू असताना दात मिटवून जुळणी तपासता येते. आज ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिला जन्म देणाऱ्यांची नावे जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात क्वचितच घेतली जातात.

तरीही दोन महायुद्धांमधल्या काळात खालच्या जबड्यावरील शस्त्रक्रियेला चांगले दिवस आले, असे म्हणता येणार नाही. कानाच्या पुढे-खाली जबड्याची जी उभी फळी असते, ती बाहेरून त्वचेला छोटा छेद देऊन, दातेरी तारेने, डोळ्यांना न दिसता करवतली जाई. प्राग येथील फ्रान्टिशेक कोस्टेच्का यांचे नाव या तंत्राशी जोडलेले आहे. आडव्या कापलेल्या पातळ फळीची दोन टोके एकमेकांना जेमतेम स्पर्श करीत. वरच्या तुकड्याला कानशिलाचा स्नायू वर खेची, तर खालच्या तुकड्याला मानेचे स्नायू मागे-खाली ओढीत. हाड नीट सांधत नसे आणि सांधलेच तर पुढच्या दातांत फट पडे. शिवाय चेहऱ्याच्या हालचालींची चेता त्याच वाटेवर असते. तिला धक्का लागला की डोळा मिटत नाही आणि ओठ वाकडा होतो. चेहऱ्याचा तोल सुधारायला आलेल्या माणसाला हा धोका पत्करायला सांगणे अवघडच होते.

हे चित्र बदलले ऑस्ट्रियात जन्मलेल्या ह्यूगो ओब्वेगेझर यांनी. ग्राझ येथे रिशार्ड ट्राउनर यांच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे त्यांचे कार्यक्षेत्र झुरिक झाले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी उभ्या फळीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. ही फळी आडवी तोडण्याऐवजी तिच्या जाडीतून उभी चिरली तर? पुठ्ठ्याचे दोन पदर सोडवावेत तसे हाडाचे आतील आणि बाहेरील पदर वेगळे होतात. सांध्याकडचा बाहेरचा पदर जागेवर राहतो, आणि दात असलेला आतला भाग त्याच्यावरून पुढे किंवा मागे सरकतो. सरकल्यानंतरही दोन्ही पदरांचा मोठा पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेला असतो, त्यामुळे हाड लवकर आणि भक्कम सांधते. सारे काम तोंडाच्या आतून होत असल्याने गालावर व्रण राहत नाही आणि चेहऱ्याच्या चेतेला असलेला धोकाही खूप कमी होतो.

ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांचा इंग्रजी लेख १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये इटलीच्या जॉर्जो दाल पोंत यांनी बाहेरचा छेद पुढे दाढेपर्यंत नेऊन हाडांचा संपर्क आणखी वाढवला. पुढे हन्सक आणि एप्कर यांनी स्नायू कमीत कमी सोडवण्याच्या दृष्टीने त्यात सुधारणा केल्या. मूळ कल्पना मात्र आजतागायत तीच आहे. शस्त्रक्रियेच्या इतिहासात सत्तर वर्षे टिकणारी कल्पना विरळाच.

या तंत्रालाही एक किंमत आहे, आणि ती जाहिरातीत दिसत नाही. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी चेता जबड्याच्या हाडातील बोगद्यातून जाते, आणि दोन पदर वेगळे होतात ते तिच्या अगदी शेजारून. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे किंवा महिने ओठ बधिर राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. काही रुग्णांत थोडी बधिरता कायम राहते. ओठ हलतो, हसू उमटते, पण चहाचा थेंब हनुवटीवर ओघळला तर कळत नाही. शल्यचिकित्सकाने ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी सांगायलाच हवी.

आता वरच्या जबड्याकडे वळू. माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत रोमहर्षक भाग येथे आहे.

वरचा जबडा कवटीपासून सोडवता येतो, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत झाले होते. जर्मनीत लांगेनबेक यांनी १८५९ मध्ये आणि बोस्टन येथे डेव्हिड चीव्हर यांनी १८६० च्या दशकात नाकामागील गाठी काढण्यासाठी वरच्या जबड्याचे हाड तात्पुरते बाजूला केले होते. पण त्यांना फक्त वाट हवी होती, जबड्याची जागा बदलायची नव्हती. पुढे १९०१ मध्ये फ्रान्समधील लील येथे रेने ल फॉर यांनी एक विलक्षण प्रयोगमाला प्रसिद्ध केली. सुमारे ३५ मृतदेहांच्या चेहऱ्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून, नंतर मऊ भाग उकलून, हाड कोठे मोडते हे त्यांनी पाहिले. मोड कोठेही होत नाही, ती ठरावीक दुर्बल रेषांनी जाते, असे त्यांना आढळले. त्यांतील सर्वांत खालची रेषा दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या तळाशी समांतर जाते. अपघातात जबडा जेथे आपोआप सुटतो तेथेच तो मुद्दाम सोडवावा, हा विचार पुढच्या पिढीचा. म्हणूनच अपघाताच्या मोडीचे नाव शस्त्रक्रियेलाही चिकटले. आज जगभर तिला ‘ल फॉर एक’ म्हणतात.

जर्मनीत मार्टिन वास्मुंड यांनी १९२७ मध्ये या रेषेवर छेद घेतला, पण जबडा पूर्ण सुटा करण्याचे त्यांनी टाळले. तो रबरी ओढीने हळूहळू पुढे आणण्यावर त्यांची भिस्त होती. १९३४ मध्ये गेओर्ग आक्सहाउझन यांनी चुकीचा सांधलेला वरचा जबडा पूर्ण मोकळा करून पुढे आणला. तरीही ही शस्त्रक्रिया पुढची तीसेक वर्षे रुळली नाही. कारण भीती होती, आणि ती निराधार नव्हती. वरचा जबडा पूर्ण सोडवून खाली ओढला की त्याला रक्त पुरवणाऱ्या, टाळूकडे उतरणाऱ्या मुख्य धमन्या ताणल्या जातात आणि कधी तुटतातही. रक्ताविना हाड मरते, दात काळे पडतात आणि हिरड्या गळून जातात. एक-दोन रुग्णांत असे घडले तर कोणता शल्यचिकित्सक तिसऱ्या वेळी सुरी उचलील? म्हणून अनेक जण जबडा अर्धवट सोडवत आणि ओढून बसवत. अर्धवट सोडवलेला जबडा काही महिन्यांत मागे सरके, आणि ‘वरचा जबडा स्थिर राहत नाही’ असा निष्कर्ष निघे. भीतीतून अपुरे काम होई, अपुऱ्या कामातून अपयश येई आणि अपयशामुळे भीती वाढे.

हे चक्र दोन दिशांनी तुटले. झुरिकमध्ये ओब्वेगेझर यांनी १९६० च्या दशकात आग्रह धरला की जबडा इतका मोकळा झाला पाहिजे की चिमट्याने हलके धरूनही तो नव्या जागी विनाताण बसेल. ताण उरलाच नाही, तर मागे खेचणार कोण? १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांनी अमेरिकी शल्यचिकित्सकांसमोर आपले काम मांडले. अमेरिकेत या शाखेचा खरा आरंभ पुष्कळ जण त्या व्याख्यानापासून मोजतात. पुढे काही वर्षांतच वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे एकाच वेळी हलवण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी केली.

पण ‘माझे रुग्ण बरे झाले’ हे शल्यचिकित्सकाचे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आला टेक्सासमधून. विल्यम बेल यांनी १९६९ पासून काही वर्षे ऱ्हीसस माकडांवर नेमके हेच छेद घेतले. ठरावीक दिवसांनी रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना दिसणारा पदार्थ भरून त्यांनी हाडांचे पातळ काप तपासले. प्रश्न साधा होता. जबडा सोडवल्यावर रक्त कोठून येते आणि ते पुरते का? उत्तर असे मिळाले की टाळूची आणि गालाकडील हिरडीची मऊ आवरणे शाबूत ठेवली, तर त्यांतील बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून हाड आणि दात या दोघांनाही पुरेसे रक्त पोहोचते. पहिल्या काही दिवसांत प्रवाह मंदावतो, मग नव्या वाहिन्या फुटतात आणि छेदावर हाड सांधते. म्हणजे इतकी वर्षे सगळे मोठ्या धमनीकडे पाहून घाबरत होते, आणि जबड्याला जगवीत होती ती हिरडी. छेद कोठे घ्यायचा यापेक्षा कोणती आवरणे सोडवायची नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया त्यानंतर झपाट्याने पसरली.

येथे भारताचा एक अप्रत्यक्ष धागा या कथेत येतो. ऱ्हीसस माकड म्हणजे आपल्या उत्तर भारतातील लाल तोंडाचे माकड. त्या काळात अमेरिकी प्रयोगशाळांना ही माकडे पुरवणारा प्रमुख देश भारत होता आणि दरवर्षी हजारोंच्या संख्येने ती निर्यात होत. १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने ही निर्यात बंद केली. पोलिओच्या लसीच्या संदर्भात या माकडांचा उल्लेख होतो, जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या संदर्भात मात्र कोणी करीत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी आपले मत काहीही असो, वरच्या जबड्याच्या रक्तपुरवठ्याचे ज्ञान या प्राण्यांच्या देहांतून आले, हे सत्य पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत तरी असायला हवे.

आता हाड जिवंत राहू लागले, तरी ते जागेवर टिकवणे बाकी होते. १९७० च्या दशकापर्यंत रुग्णाचे वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून ठेवत, साधारण सहा आठवडे. या काळात पेज, दूध, फळांचा रस एवढेच अन्न, बोलणे दातांआडून, आणि उलटी झाली तर जीव टांगणीला. १९७४ मध्ये बाझेल येथील बेर्न्ड श्पीसल यांनी दोन पदर स्क्रूंनी घट्ट बसवण्याची पद्धत मांडली. त्याच दशकात फ्रान्समध्ये मॅक्सिम शाँपी आणि इतरांनी छोट्या पट्ट्यांचे तंत्र विकसित केले. पुढे टायटॅनियमच्या पट्ट्या आल्या आणि रुग्ण लवकर तोंड उघडू लागला. मऊ अन्नाचे पथ्य मात्र आजही कित्येक आठवडे पाळावे लागते.

हाडे हवी तशी हलवता येऊ लागली, तेव्हा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. ती कोठे न्यायची? १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी डोके ठरावीक स्थितीत धरून, ठरावीक अंतरावरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. त्या चित्रावर बिंदू आणि रेषा आखून जबड्याची जागा अंशांत आणि मिलिमीटरांत मोजता आली. चार्ल्स बर्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये खास शस्त्रक्रियेसाठी मापांचा संच दिला. पण ही मापे ज्या चेहऱ्यांवरून घेतली ते बहुतांशी गोऱ्या अमेरिकी लोकांचे होते. चेन्नईच्या किंवा इंफाळच्या तरुणीचे ओठ त्या मापापेक्षा पुढे असतील, तर तिचा जबडा सदोष आहे की मापपट्टी परकी आहे? भारतातील ऑर्थोडॉन्टिस्टांनी गेल्या काही दशकांत वेगवेगळ्या प्रदेशांतील लोकांची, त्यांत महाराष्ट्रातील लोकांचीही, स्वतंत्र मापे काढली आणि अनेक ठिकाणी ती अमेरिकी मापांपेक्षा लक्षणीय वेगळी आढळली. हे काम वृत्तपत्रांत झळकण्याजोगे नाही. पण निरोगी चेहऱ्याला विनाकारण रुग्ण ठरवले जाऊ नये, यासाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

भारतात या शाखेची वाट दंतवैद्यकातून आली. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा झाला. दात सरळ करणाऱ्यांची आणि जबड्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांची, अशा दोन्ही राष्ट्रीय संघटना १९६० च्या दशकात उभ्या राहिल्या, म्हणजे झुरिक आणि टेक्सासमध्ये ही विद्या आकार घेत होती त्याच काळात. जर्मन भाषिक देशांत आणि ब्रिटनमध्ये या शाखेच्या शल्यचिकित्सकाला वैद्यक आणि दंतवैद्यक अशा दोन्ही पदव्या घ्याव्या लागतात. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरतो. यांपैकी कोणती व्यवस्था श्रेष्ठ हा वाद आजही चालू आहे, आणि माझे मत विचाराल तर हातांचे प्रशिक्षण पदवीच्या नावापेक्षा महत्त्वाचे. परंतु या व्यवस्थेचा एक परिणाम दिसतो. पुष्कळ सामान्य वैद्यकांना जबड्याची ही शस्त्रक्रिया कोणाकडे पाठवायची असते, हेच ठाऊक नसते.

आणि पाठवण्याजोगे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. टाळू दुभंगलेल्या बाळाची टाळू पहिल्या दीड वर्षात शिवली जाते. त्या शिवणीचा व्रण वरच्या जबड्याची वाढ रोखू शकतो, आणि मूल सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत चेहऱ्याचा मधला भाग खोलगट दिसू लागतो. लहानपणी हनुवटीवर पडून कानापुढच्या सांध्याला मार बसतो, किंवा कानाचा जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत पोहोचतो. मग सांधा हाडाने बुजतो, तोंड बोटभरही उघडत नाही आणि खालचा जबडा वाढतच नाही. मागे राहिलेला जबडा जिभेलाही मागे ठेवतो, झोपेत श्वासाची वाट बंद होते आणि मूल रात्रभर घोरत, दचकत झोपते. अशा मुलांसाठी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी जबड्यावर वापरलेले तंत्र मोठे वरदान ठरले. हाड कापून त्याची टोके रोज सुमारे एक मिलिमीटर दूर न्यायची आणि मधल्या फटीत नवे हाड तयार होऊ द्यायचे. सायबेरियातील कुर्गान शहरात गावरील इलिझारोव्ह यांनी पायाच्या हाडांसाठी घडवलेल्या पद्धतीचे हे रूप होते. मानेवर भाजल्याच्या व्रणाने खाली ओढलेले जबडे तर आपल्या जळीत कक्षांना आजही ओळखीचे आहेत.

या सगळ्यांचा खर्च कोण देणार, हा प्रश्न मात्र शरीरशास्त्राने सुटत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा देशभर एकसारखी केली. तिच्यानुसार रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्याबाहेर आहे. अपवाद अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराचा. अनेक विमापत्रांत दंतोपचार निराळे वगळलेले असतात, ही आणखी एक मेख. हलिहेन यांची रुग्ण आज भारतात असती तर ‘भाजणे’ या शब्दावर तिचा दावा उभा राहिला असता. ब्लेअर यांच्या रुग्णाला मात्र, ज्याचा जबडा केवळ वाढीने पुढे आला होता, आपला घास चावला जात नाही हे उपचार करणाऱ्या वैद्यकाच्या प्रमाणपत्राने सिद्ध करावे लागले असते. त्या प्रमाणपत्राला दातांचे ठसे आणि बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र जोडलेले बरे.